ब्रेसेस पोचले, काका

तीर्थरूप काकांस,

गुंडीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगांनी करतेय, तोंड सोडून. वाकलं की वरच्या ओठाला आतून तार टोचते. उरलेलं एक अंग पुढच्या महिन्यानंतर.)

तुमचा गुडघा कसा आहे? मशीनचं पायडल मारणं बंद केलं म्हणून दुखतो असं तुमचं म्हणणं, आणि इतकी वर्षं मारलं म्हणून दुखतो असं डॉक्टरांचं; तुमचं दोघांचं एकमत झालं की कळवा. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर लपवू नका. पार्सलवरचा आमचा घर नंबर तुम्ही तीनदा गिरवलाय, पोस्टमनला वाटलं घर भूकंपात हललं. इकडे सगळं ठीक. आमचे हे मजेत आहेत. (मी दीड वर्ष कमी बोलतेय, माणूस मजेत असणारच.) कारखान्यात युनिफॉर्मचा सीझन आहे, कटिंगच्या टेबलावर दिवसाला तीनशे पँटी पडतात, आणि त्यातली एकही बाबांनी पास केली नसती.

तर पार्सल पोचलं. कापडात शिवून, कडेने हातटाका घालून पार्सल पाठवणारे आता जगात तुम्ही एकटेच उरला असाल. पोस्टमन म्हणाला, उघडू नका, तसंच उशी म्हणून वापरा. मी बाबांच्या छोट्या कात्रीने टाके उसवले, आणि आतून काय निघावं? गडद निळ्या कापडाचे, मागे इलॅस्टिक, टोकांना चामड्याच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांना हाताने केलेली काजं, असे पँट वर धरायचे अस्सल ब्रेसेस! आपल्या दुकानात गिऱ्हाईकं ज्याला गॅलिस म्हणायची आणि तुम्ही दोघे भाऊ मात्र कडक इस्त्रीच्या आवाजात ब्रेसेस म्हणायचात, ते. सोबत कागदाच्या पुडीत सहा बटणं आणि तुमची चिठ्ठी: ‘ऑपरेशन झाल्यावर पातळ खाऊन माणूस वाळतो. पँट सांभाळ. रेडिमेड घालू नकोस. बटणं आतून लाव, पुढे चार, मागे दोन.’

काका, मी हसले. म्हणजे आधी पाच मिनिटं काही कळेना, मग कळलं, आणि मग अशी हसले की खुर्चीवरून घसरले आणि उजवीकडची मागची तार सुटून गालात रुतली. आमच्या यांना वाटलं वाईट बातमी आली. यांनी पाणी आणलं, मला काही बोलता येईना, मी नुसती ब्रेसेसकडे बोट दाखवत होते आणि गाल धरून रडत होते. आमचे हे ते ब्रेसेस घेऊनच मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले (काय झालं ते दाखवायला पुरावा म्हणून), आणि तिथे ती पोरगी (डॉक्टरच आहे, पण वयाने माझ्या पोरीसारखी) तार पुन्हा बसवता बसवता म्हणाली, हे कुणी शिवलंय? काय सुंदर काजं आहेत! तेव्हा तुमची कीर्ती आता दंतवैद्यकापर्यंत पोचली आहे.

आता तुम्ही तो फोन आठवा. मी म्हटलं, काका, जबड्याचं ऑपरेशन ठरलंय, पुढच्या महिन्यात. तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणालात. मग मी म्हटलं, त्याआधी दीड वर्ष ब्रेसेस घातलेत, त्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत, आणि एकदम तुमच्या आवाजात जीव आला. रोज घालतेस? रोज, झोपतानासुद्धा. झोपताना कशाला? काढले की सगळं घसरून पुन्हा जुन्या जागी येतं, काका. (इथे तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात. माझ्या कमरेविषयी तुमचं काय मत झालं असेल या विचाराने मला आत्ता घाम फुटला.) इलॅस्टिक आहे का? आहे ना, दोन्ही बाजूंना, रोज नवं लावते. रोज? म्हणजे हलक्या प्रतीचं असणार. महिन्यातून एकदा जाऊन घट्ट करून घ्यावे लागतात, हेही मीच सांगितलं. जेवण झालं की ब्रशने घासून काढते, हेही. आणि बसवले कुणी, तर एक बाई आहेत, फार चांगला हात आहे त्यांचा. यावर तुम्ही अगदी बारीक आवाजात म्हणालात, ‘मला सांगितलं असतंस तर मी केले नसते का?’ आणि फोन ठेवलात.

मला वाटलं तुम्ही टोमणा मारलात. दीड वर्ष लपवलं म्हणून रागावलात, आणि खरं सांगायचं तर तुमच्या भावाकडून मला आलेली हनुवटी मी अशी परस्पर कापायला काढली म्हणून दुखावलात. दोन आठवडे मी फोन उचलून खाली ठेवत होते. आणि तुम्ही तिकडे काजं करत बसला होतात! काका, तुम्ही म्हणजे ना! पण रागावला नव्हतात ना? एवढंच मला हवं होतं. बाकी पत्र नुसतं पुरवणी म्हणून वाचा.

तर हे दुसरे ब्रेसेस म्हणजे दातांना लावायच्या तारा. प्रत्येक दातावर धातूची एक बारीक टिकली चिकटवतात आणि सगळ्या टिकल्यांमधून तार ओवतात. (ओवतात म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं असेल.) त्या ऑपरेशनआधी लागतातच का, हे मीही विचारलं होतं. आमच्या शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहतात, त्यांनी आयुष्यभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पण मत विचाराल तर मेंदूच्या सर्जनलाही देतील. ते म्हणाले, जबडा कापायचाच आहे तर दातांचे एवढे लाड कशाला? कापा, मागे सरकवा, बसवा, मोकळे व्हा. मला ते पटलं. चाळिशी उलटलेल्या बाईने शाळकरी पोरीसारखं तोंडात तारा घालून कटिंगच्या टेबलापाशी उभं राहायचं, वर हाताखालच्या वीस जणांना ओरडायचं, आणि ओरडताना ‘स’ म्हटलं की समोरच्याने तोंड पुसायचं, ही कल्पनाच नको होती. मी तणतणत त्या डॉक्टरपोरीकडे गेले. म्हटलं, सरळ कापा हो, मी पण कापायचाच धंदा करते.

तिने वाद घातला नाही. माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे कपाटातून काढले, एक वरचा, एक खालचा. आधी एकमेकांवर जसे बसतात तसे ठेवले: खालची ओळ बाहेर, वरची आत, आपल्या घराण्याची पद्धत. मग खालचा साचा मागे सरकवला, ऑपरेशननंतर जबडा जिथे येईल तिथे, आणि माझ्याकडे ढकलला. म्हणाली, चावून बघा. काका, नुसते दोन दात टेकले! बाकी सगळे अधांतरी, आणि सगळा डोलारा एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा डुगडुगत होता. मग तिने सांगितलं की चाळीस वर्षं जबडा चुकीच्या जागी होता म्हणून बिचारे दात एकमेकांना गाठायला धडपडत राहिले. खालचे आत झुकले, वरचे बाहेर झुकले, कसंबसं जमवून घेतलं. जबडा नीट केला आणि दात तसेच वाकलेले ठेवले, तर ते ज्याच्यासाठी वाकले तो समोर उरलेलाच नसतो. म्हणून आधी तारांनी त्यांना आपापल्या जागी सरळ उभं करायचं, मग जबडा हलवायचा. काही जणांचं आधी ऑपरेशन आणि मग तारा असंही करता येतं म्हणे, पण तुमचं नाही, तुमचे दात फारच समजूतदार निघाले. आणि एक सांगून ठेवते, म्हणाली, ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही आत्ता दिसता त्याहून वाईट दिसाल. खालचे दात सरळ झाले की हनुवटी आणखी पुढे दिसते. तेव्हा घाबरून मला फोन करू नका.

आणि काका, तिथे त्या खुर्चीत, तोंडाखाली कागदी रुमाल अडकवलेल्या अवस्थेत, मला बँडमास्तरांचा कोट आठवला! तुम्हाला आठवतो का? तो लाल, सोनेरी वेलबुट्टीचा, ज्याची कॉलर मानेपासून चार बोटं लांब उभी राहायची आणि वाजवताना मास्तर कोटाच्या आतून डोकावल्यासारखे दिसायचे. पाच शिंप्यांनी तो दुरुस्त केला होता. कुणी कॉलरला हात लावला नाही, सगळ्यांनी कॉलर चुकीची धरून बाकीचा कोट तिच्याशी जमवून घेतला, बगलेत आत घे, खांद्यात भर घाल, पाठीत चूण टाक. बाबांनी चार दिवसांत तो पूर्ण उसवला. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर वेगळं, आणि सगळं पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी नुसतं धरून ठेवलेलं. नेमके मास्तर एक दिवस आधीच ट्रायलला आले. पडद्याआडून तो कोट घालून बाहेर आले ते जवळजवळ रडतच. आधी कॉलरच वाकडी होती हो, आता मी सगळाच वाकडा दिसतोय, काय केलंत माझ्या कोटाचं! आणि बाबा खडू कानामागे लावत शांतपणे म्हणाले, ‘अजून मी काहीच केलेलं नाही. आधीच्यांनी केलं होतं ते फक्त काढलंय.’ तुम्ही समोरच्या मशीनवर बसून इतके हसलात की सुई मोडली. तर मी त्या पोरीला म्हटलं, लाव बाई तारा. कच्च्या टाक्याशिवाय पक्की टीप घालणाऱ्यांच्या घरातली मी नव्हे.

तुमची समोरासमोरची ती दोन मशिनं मला अजून झोपेत ऐकू येतात. एक थांबलं की दुसरं सुरू, जसे तुम्ही दोघे गप्पाच मारताय. मधे ते लांब टेबल, टेबलाखाली बटणांची लाकडी पेटी आणि पेटीवर मी. वर बघितलं की एका बाजूला बाबांची हनुवटी आणि दुसऱ्या बाजूला तुमची, कपाटाचे दोन कप्पे अर्धवट उघडे राहिल्यासारख्या. बाकीचे शिंपी दातांनी कचकन दोरा तोडायचे. तुम्हा दोघांचे पुढचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत, म्हणून दोघांच्या गळ्यात काळ्या दोरीला एकेक छोटी कात्री. मला कितीतरी वर्षं वाटायचं की मोठ्या मास्तरांना ती बिल्ल्यासारखी मिळते, आणि दातांनी दोरा तोडणारे म्हणजे अजून शिकाऊ.

मला शाळेत ‘ड्रॉवर’ म्हणायचे हे मी घरी फक्त एकदाच सांगितलं. नऊ वर्षांची असेन. ‘ए ड्रॉवर, बंद कर की!’ तोपर्यंत मला माझं तोंड बाजूने कसं दिसतं ते माहीतच नव्हतं, माणसाला स्वतःची बाजू दिसते कुठे? मग त्या दिवशी ट्रायल रूमच्या तीन पानी आरशात मी उभी राहिले, एक पान जरा वळवलं, आणि त्यात बाबा उभे. फ्रॉक घातलेले बाबा! मी भोकाड पसरलं. बाबांनी विचारलं नाही काय झालं, गळ्यातली टेप काढली, माझ्या कानापासून हनुवटीच्या टोकापर्यंत धरली आणि नेहमीच्या मापाच्या आवाजात तुम्हाला म्हणाले, लिही रे, गुंडी, हनुवटी. तुम्ही वही उघडून पेन्सिल जिभेला लावून बसलात, किती? बाबा म्हणाले, बरोबर. तुम्ही म्हणालात, अरे पण किती? बाबा म्हणाले, बरोबर असं लिही. मग तुमची मोजली, बरोबर. मग तुम्ही त्यांची मोजलीत, तीही बरोबर. कुणा कारकुनाच्या दोन पँटींच्या खाली आपल्या तिघांच्या हनुवट्या लिहिल्या गेल्या, आणि मी नाक पुसून पुन्हा पेटीवर जाऊन बसले. पुढे मला कुणीही ड्रॉवर म्हटलं तरी मी म्हणायची, वहीत बघ.

असो. कुठून कुठे गेले. तारांच्या गमती सांगायच्या राहिल्या. पहिल्या आठवड्यात कापडाच्या गठ्ठ्यावर वाकून माप बघत होते, एक सुटा दोरा दाताच्या टिकलीत अडकला आणि पलीकडून कारागिराने तागा ओढला. मी टेबलाच्या कडेने सात पावलं कापडामागे चालत गेले, ओरडताही येईना. त्याला वाटलं मी बारकाईने कापड तपासतेय, त्याने वेग वाढवला! सँडविच खाल्लं की पाव माझ्या हातात आणि टोमॅटो तारेत. फोनवर मी ‘पाचशे शर्ट’ म्हटलं ते दुकानदाराला भलतंच ऐकू आलं आणि त्याने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. आणि त्या पोरीने सांगितलं होतं तस्संच झालं, महिन्यामहिन्याला हनुवटी पुढे यायला लागली. ओळखीचे लोक विचारायचे, उपचार सुरू आहेत ना, मग हे काय? मी म्हणायची, अजून काहीच केलेलं नाही, फक्त आधीचं काढलंय.

ऑपरेशन करायचं ते दिसण्यासाठी नाही, हे लिहून ठेवते. जबड्याचा सांधा कटकट वाजतो, डोकं दुखतं, मागच्या दाढा झिजून सपाट झाल्यात आणि सफरचंद मी आजवर सुरीशिवाय खाल्लेलं नाही. सगळं ठरलंय, तारीख नक्की आहे, सर्जन अनुभवी आहेत, मी मुळीच घाबरलेली नाही. तुम्ही काळजी करू नका आणि एवढ्या लांब यायची दगदग तर अजिबात करू नका. गुडघ्याला शेक द्या.

मोठ्यांना नमस्कार म्हणायला आता तुमच्याहून मोठं कुणी उरलं नाही, तेव्हा सगळे तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची,
गुंडी

ता. क. ब्रेसेस लावून बघितले. बटणं तुम्ही सांगितली तशी लावली, पुढे चार, मागे दोन. पण तुम्ही माझं माप मी एकोणीस वर्षांची असतानाचं धरलंय. ताठ उभी राहिले की पँट बरगड्यांपर्यंत येते. कुबड काढून चाललं तर उत्तम बसतात. कारखान्यात सगळ्यांना दाखवले, आणि कुणी हसलं नाही, जो तो काजं उलटसुलट करून बघत बसला.

ता. क. आणखी एक. हॉस्पिटलचा एक फॉर्म आहे, त्यात खाली ‘जवळच्या नातेवाइकाची सही’ अशी रेघ आहे. आमचे हे आठ दिवस पेन उघडून बसलेत. मी म्हटलं, तुमची सही चालते हो, पण हनुवटी तुमच्या घराण्यातली नाही. सामाईक वस्तूला हात लावायचा तर भागीदाराची परवानगी लागते, आणि या हनुवटीचे भागीदार आता दोघेच उरलेत. वरच्या रेघेवर माझीही सही अजून झालेली नाही. मी मुळीच घाबरलेली नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. काका, रोज सकाळी दात घासताना मला आरशात बाबा दिसतात. तोंडाला फेस, म्हणजे दाढीचा साबण लावलेलेच. तारा लागल्यापासून तर अगदी हुबेहूब, शेवटच्या वर्षांतले. ते गेल्यापासून नऊ वर्षं मी त्यांच्याकडे बघून दिवस सुरू करतेय आणि पुढच्या महिन्यात मीच त्यांना आरशातून काढणार आहे. तुम्ही करू नको म्हणालात तर मी करणार नाही. कर म्हणालात तर सही करायला इथे या, आणि मी शुद्धीवर येईन तेव्हा समोर खिडकीशी बसा. मला आधी आरसा नको. तुम्ही जरा बाजूने बसा.

ता. क. हे शेवटचं. ब्रेसेसच्या पट्ट्यांना आतून पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका तसाच आहे. आमचे हे म्हणाले, काकांचं वय झालं, काढायचा राहिला असेल. मी म्हटलं, माझे काका कच्चा टाका कधी विसरले नाहीत. पण ट्रायल झाल्याशिवाय त्यांनी तो कधी काढलाही नाही. तेव्हा यायचं तुमच्याही मनात आहे, हे मला कळलंय. येताना टेप आणि मापाची वही आणा. आमचे हे तो टाका कापायला निघाले होते, मी हात धरला. तो तसाच राहू दे. हाड जुळलं, तारा निघाल्या आणि त्या पोरीने परवानगी दिली, की तुमच्यासमोर तो दोरा मी पुढच्या दातांनी तोडणार आहे, आपल्या घरात पहिल्यांदाच. नाहीच तुटला, तर बाबांची कात्री माझ्या गळ्यात आहे.